नळीत मावेल तेवढी हवा

शंकेखोर : वहिनी, तुमचं पोरगं सात वर्षांचं. त्याला अजून धड पोहता येत नाही आणि तुम्ही त्याला मालवणच्या समुद्राचा तळ दाखवायला निघालात. त्यासाठी रोज रात्री मोबाईलवर मास्क बघताय, नळ्या बघताय. आमच्या इंदापूरकडे पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला तेलाचा रिकामा डबा नाहीतर पांगाऱ्याचं बिंडं बांधायचं आणि थोरल्या चुलत्याने विहिरीत ढकलून द्यायचं. दोन गटांगळ्या, नाकातोंडात पाणी, थोडी रडारड, आणि उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत डबा सुटलेला. कुणी माप घेतलं नाही, कुणी पैसे मोजले नाहीत. पाण्याची भीती पाण्यानेच जाते, सामानाने नाही. आधी पोहणं येऊ द्या. मास्क काय, बारावीनंतरही घेता येईल.

हौशी : भाऊजी, तुम्ही सामानाविरुद्ध बोलताय, पण गोष्ट सामानाचीच सांगताय. डबा सैल बांधला की कमरेकडे घसरायचा, बूड वर आणि डोकं खाली. घट्ट बांधला की काखेत दोर काचायचा. हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. म्हणजे माप घेतलं जात होतं, फक्त ते चुलत्याच्या हाताला ठाऊक होतं. आता आमच्या घरचं सांगते. बारामतीत पोहण्याच्या टँकवर त्याला महिनाभर पाठवला. हात मारतो, पाय मारतो, पण मान ताठ. चेहरा पाण्यात घालत नाही. डोळे चुरचुरतात, नाकात पाणी जातं, या दोनच तक्रारी. मान वर राहिली की पाय खाली जातात आणि पाय खाली गेले की तो दमतो. सर रोज ओरडतात, ‘मान खाली’, आणि तो रोज मान आणखी वर काढतो. मास्क डोळेही झाकतो आणि नाकही. चेहरा एकदा पाण्यात गेला, खाली बघायला काहीतरी मिळालं, की अंग आपोआप आडवं होतं. मी मास्क पोहण्याच्या जागी आणत नाहीये. पोहण्याची अडलेली पायरी सुटावी म्हणून आणतेय.

शंकेखोर : सुटावी आणि तिथेच बसावी, ही माझी धास्ती आहे. मास्क लावून तो तासभर पालथा तरंगेल, तुम्हाला वाटेल पोरगं पोहायला लागलं. मग एखादी लाट येईल, दुसऱ्या कुणाचा पाय लागेल, मास्क सरकेल, आणि जे नाकातलं पाणी त्याने टँकमध्ये, उभं राहता येईल अशा जागी, कधी सोसलं नाही ते पहिल्यांदा त्याला तिथे भेटेल जिथे पाय टेकत नाहीत. आम्ही नाकातलं पाणी आधी पचवलं होतं. सोय आधी मिळाली की सवय होत नाही, एवढंच माझं म्हणणं. आणि पैशाचं बोलायचं तर तुम्ही परवा जो संच दाखवलात, त्यावर लिहिलं होतं ‘वय 5 ते 15’. पाच वर्षांच्या पोराचं तोंड आणि दहावीतल्या पोराचं तोंड एकाच मापाचं? चप्पल अशी कुणी विकली असती तर दुकानात भांडण झालं असतं.

हौशी : ते मात्र शंभर टक्के खरं. मीही तो संच काढून टाकला. वयावरून मास्क घ्यायचाच नसतो, चेहऱ्यावरून घ्यायचा. कडेचं रबर बघायचं. सिलिकॉन असेल तर मऊ असतं, गालाच्या वळणाबरोबर वळतं. स्वस्तातलं पीव्हीसी कडक असतं, आणि लहान मुलाचा चेहरा अरुंद असल्याने ते कानशिलापाशी फट सोडतं. काचेवर ‘टेम्पर्ड’ लिहिलेलं असावं. नुसतं प्लास्टिक लवकर धूसर होतं आणि त्यावर ओरखडे पडतात. मग परीक्षा घ्यायची. पट्टा मागे टाकायचाच नाही. केस कपाळावरून बाजूला करायचे, मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवायचा, मुलाला नाकाने हळू श्वास आत ओढायला सांगायचं आणि आपला हात काढून घ्यायचा. श्वास धरलाय तोवर मास्क तसाच चिकटून राहिला तर बसला. पडला, किंवा कुठून सुंईऽ असा आवाज आला, तर परत. कडा वरच्या ओठावर चढायला नको, केसांत शिरायला नको. आणि एकदा हसवून बघायचं. मूल हसलं की गालाला वळी पडते आणि तिथूनच पाणी शिरतं.

शंकेखोर : शिरलं तर पट्टा आवळायचा.

हौशी : सगळे तेच करतात आणि तिथेच फसतात. आवळला की रबर दुमडतं आणि जास्तच गळतं. वर चेहऱ्यावर वळ उठतात आणि मूल म्हणतं मला नको. चांगला बसलेला मास्क सैल पट्ट्यावरही राहतो, कारण त्याला बाहेरून पाण्याचा दाब धरून ठेवतो. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. बारामतीच्या दुकानांत पोहण्याचे गॉगल मिळतात, असे मास्क क्वचितच. गॉगल चालत नाहीत, कारण त्यांत नाक बाहेर राहतं आणि थोडंसं खाली गेलं तरी आतल्या हवेचा दाब वाढवायला वाट नसते, डोळे ओढल्यासारखे होतात. म्हणजे एकतर पुण्याला जाऊन पोराच्या तोंडावर लावून बघायचं, नाहीतर घरपोच मागवायचं आणि पाण्यात न घालता, पिशवी न फाडता, ही नाकाची परीक्षा घेऊन न बसलेला परत पाठवायचा. परत घेत नाही त्याच्याकडून मागवायचाच नाही. हजाराच्या आगेमागे एक बरा सिलिकॉनचा मास्क येतो. त्याहून स्वस्तात मास्क, नळी, पायात घालायचे पंखे आणि जाळीची पिशवी असा अख्खा संच येतो. पण त्या चार वस्तूंत नीट बसणारी एकही नसली तर तो संच महाग पडला.

शंकेखोर : आणि चष्मा असलेल्या पोरांनी काय करायचं? बारामतीत हल्ली वर्गातल्या निम्म्या पोरांना चष्मा दिसतो.

हौशी : मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही, काडी कडेखालून जाते आणि तिथून पाणी येतं. नंबरच्या काचेचे मास्क असतात, पण लहान मापात मिळणं मुश्कील. थोडा नंबर असेल तर मी काळजी करणार नाही. सपाट काचेतून पाण्याखालची वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. पाणी आपणहून थोडीफार भरपाई करतं.

शंकेखोर : मास्कचं मानलं. नळीचं सांगा. नळीत काय माप आलं? एक तोंडात, एक पाण्याबाहेर. आम्ही पपईच्या पानाचा देठ घ्यायचो, पोकळ असतो तो, आणि विहिरीत पायरीला धरून बुडी मारून त्यातून श्वास घ्यायचो. कुणाचा देठ लांब यावर पैजा लागायच्या.

हौशी : आणि पैज कोण जिंकायचं?

शंकेखोर : कुणीच नाही. फूटभर खाली गेलं की छाती फुगायचीच नाही. आम्हाला वाटायचं देठ चेपतोय.

हौशी : देठ नाही, छाती चेपत होती. पाण्याचा दाब बरगड्यांवर आणि देठातली हवा वरच्या, हलक्या दाबाची. ती ओढायला बरगड्यांच्या स्नायूंत तेवढं बळ नसतं. म्हणून नळी लांब करून खोल जाता येत नाही, हे तुम्ही पोरांनी विहिरीत सिद्ध केलं होतं. पण त्याहून बारीक गोष्ट पुढे आहे, आणि लहान मुलाच्या बाबतीत मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण श्वास सोडतो तेव्हा शेवटची वापरलेली हवा नळीतच राहते. पुढचा श्वास घेताना आधी तीच परत आत येते, मग ताजी. मोठ्या माणसाचं भागतं. विश्रांतीत असलेलं मूल एका श्वासात किलोमागे साधारण सात मिलिलिटर हवा घेतं. आमच्या बाळ्याचं वजन बावीस किलोच्या आसपास, म्हणजे दीडशे मिलिलिटर. आता मोठ्या माणसाची जाड, लांब नळी त्याच्या तोंडात दिली आणि त्या नळीतच दोनशेच्या वर हवा मावत असली, तर सावकाश श्वास घेणारं पोर आपलीच उष्टी हवा ओढत बसेल. भागवायला त्याला खोल श्वास घ्यावे लागतात, त्याने तो दमतो, घाबरतो, आणि घाबरला की श्वास आणखी उथळ आणि भरभर होतो. युरोपातल्या मानकात म्हणून उंचीवरून भेद केलाय. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्यांसाठी नळीतली जागा 150 मिलिलिटरच्या आत, मोठ्यांसाठी 230 च्या आत, आणि लांबी कुणासाठीही 38 सेंटिमीटरच्या वर नाही.

शंकेखोर : हे आकडे खोक्यावर छापलेले असतात?

हौशी : क्वचित. म्हणून मीच मोजलं. धाकटीची दुधाची बाटली असतेच घरात, मिलिलिटरच्या रेघा असलेली. नळीचं तोंडात धरायचं टोक अंगठ्याने नीट दाबून बंद केलं, वरून पाणी भरलं आणि ते बाटलीत ओतलं. शेजारणीकडून आणलेली तिच्या मिस्टरांची नळी दोनशेच्या रेघेपुढे गेली. मुलांची म्हणून मागवलेली एक होती, दिसायला आखूड, रंगीत, टोकाला डॉल्फिनचं चित्र. तीही एकशे ऐंशीच्या जवळ! आखूड होती पण फुगीर होती. पातळ, साधी, विनानखऱ्याची तिसरी नळी एकशे तीसला थांबली. तीच ठेवली.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घातल्याशिवाय राहवत नाही. बाजारात या सामानाची जी वर्णनं असतात त्यांत रंग असतो, वय असतं, ‘धुकं धरत नाही’ असं वचन असतं. मूल एका श्वासात किती हवा घेतं आणि नळीत किती मावते, ही जोडी शेजारी-शेजारी कुठे दिसत नाही. नळीच्या खालच्या बाजूला पाणी काढायची झडप असेल तर बोटाने तीही दाबून धरावी लागते, नाहीतर मोजणी ओट्यावर सांडते.)

शंकेखोर : बरं, मग ते पूर्ण तोंडाचे मास्क का नकोत? त्यात तर नळी तोंडात धरायची भानगडच नाही. नाकाने घ्या, तोंडाने घ्या. सात वर्षांच्या पोराचे पुढचे दात पडलेले असतात, तो नळीची तोंडातली गुटखी दातात धरणार कशी? तुम्हालाच विचारतो, कारण यात मला पहिल्यांदाच काहीतरी सोयीचं दिसतंय.

हौशी : दातांचा मुद्दा तुम्ही अगदी नेमका काढलात. मोठ्यांची गुटखी असेल तर दात पडलेल्या मुलाच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी येतंच, जबडाही दुखतो. लहान, मऊ सिलिकॉनची गुटखी लागते, आणि तरीही पुढचे चारही दात एकदम गेले असतील तर त्या वर्षी नळी नकोच, नुसता मास्क पुरे. श्वास धरून पाहायचं, डोकं वर काढायचं, परत पाहायचं. पण पूर्ण तोंडाच्या मास्कला मी हात लावणार नाही. तो 2014 च्या सुमाराला बाजारात आला आणि लोकांना फार आवडला. करोनात इटलीत डॉक्टरांनी त्याला थ्री-डी छपाईची झडप बसवून रुग्णांना हवा द्यायलाही वापरला. इस्पितळात ते ठीक. समुद्रात माझी अडचण वेगळी. आतली पोकळी मोठी, आणि मधल्या झडपा नीट बसल्या नाहीत तर तीच उष्टी हवा चेहऱ्याभोवती फिरते. मापात जरा चुकलं तर हे घडू शकतं. आणि मुख्य म्हणजे घाबरलेल्या मुलाला तोंडातली नळी थुंकून टाकता येते. डोक्यामागून आवळलेलं हेल्मेट सात वर्षांचे ओले हात काढू शकत नाहीत.

शंकेखोर : म्हणजे तुमच्या लेखी ‘बसणं’ म्हणजे नुसतं न गळणं नाही.

हौशी : नाही. त्याचं त्याला काढता आलं पाहिजे. मोठ्यांच्या मदतीशिवाय, डोळे मिटून, एका हाताने. ही परीक्षा मी नाकाच्या परीक्षेच्याही आधी ठेवते.

शंकेखोर : मग नळीनेही धोका कमी होतो असं समजू नका. हवाईत स्नॉर्केल करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास 2021 मध्ये आला, तो मी वाचलाय. ओढायला जड जाणाऱ्या नळीतून जोराने श्वास घेतला की फुफ्फुसात पाणी साठू शकतं, अशी शक्यता त्यात मांडली होती. त्यांनी दोष एकट्या पूर्ण तोंडाच्या मास्कवर टाकलेला नाही. आणि तुमच्या त्या ‘ड्राय टॉप’ नळ्या, टोकाला चेंडू, लाट आली की बंद. चेंडू वाळूने अडकला की बंदच राहतो. लहान पोराला हे कळणार?

हौशी : म्हणून तर साधी नळी ठेवली. तिच्यात पाणी येईल, पण पाणी आलेलं कळतं. हवा न येणं उशिरा कळतं.

शंकेखोर : पंख्यांचं?

हौशी : यंदा नाहीत. पाय वर्षात एक नंबर वाढतो, मोठे घेतले तर टाच घासून फोड येतो, बरोबर मापाचे घेतले तर पुढच्या दिवाळीला कुणाच्या उपयोगाचे नाहीत. शिवाय नवशिकं मूल पंख्यांनी खालच्या प्रवाळाला लाथा मारतं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक त्यातच येतात. तिथे आपण पाहुणे. पंख्यांचे पैसे लांब बाह्यांच्या पोहण्याच्या सदऱ्यावर घालीन. पालथं तरंगताना पाठ कशी भाजते हे संध्याकाळी कळतं.

शंकेखोर : आता माझा खरा प्रश्न, वहिनी. तुम्ही मास्कची, नळीची इतकी मापं काढलीत. लाइफ जॅकेट मात्र होडीवाला देईल ते घालणार. आपल्या तालुक्याचं बघा. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उजनी धरणाच्या पाण्यात उलटली, सहा माणसं गेली. त्याच्या दोन वर्षं आधी, मे महिन्यातच, तारकर्लीला पर्यटकांची होडी बुडून दोघं गेली. पाण्यात जीव जातो तो नळी बसली नाही म्हणून क्वचित. होडीवरचं जॅकेट मोठ्यांचं असतं. तुमच्या पोराला घालून त्याला पाण्यात सोडलं की जॅकेट कानापर्यंत वर येईल आणि पोर त्यातून खाली.

हौशी : यावर मी अडकले आहे, खरं सांगते. त्याच्या वजनाचं, पायांमधून पट्टा असलेलं जॅकेट आपलं आपण न्यायचं, इथवर ठरलंय. खांद्याला धरून वर उचललं तर ते हनुवटीच्या वर यायला नको, ही परीक्षाही घेतली. पण बेशुद्ध माणसाचं तोंड वर राहावं अशी जी गळपट्ट्याची भक्कम जॅकेटं असतात, ती घातली की पालथं झोपताच येत नाही. उलटवतातच. आणि ज्यात पालथं सहज तरंगता येतं ती हलकी जॅकेटं, पोहता येणाऱ्यासाठी, कुणी शेजारी आहे असं धरून बनवलेली असतात. म्हणजे समुद्राचा तळ बघायचा असेल तर त्याला तोंड खाली ठेवू देणारं जॅकेट लागतं आणि जीव वाचवायचा असेल तर तोंड वर ठेवणारं. होडीत भक्कम आणि पाण्यात उतरताना हलकं, असा तोडगा काढलाय, पण तो मला पुरता पटलेला नाही.

शंकेखोर : आणि सराव? तुम्ही आमच्या शेततळ्याचं नाव काढत होतात.

हौशी : पाणी स्वच्छ आहे म्हणून.

शंकेखोर : शेततळ्याला पायरी नसते, वहिनी. उतरता काठ, त्यावर प्लास्टिकचा कागद, कागदावर शेवाळ. मोठा माणूस, पोहणारा माणूस, काठाला हात लावून लावून दमतो आणि वर येत नाही. आमच्या भागात पोरं गेली आहेत अशी. दोर आणि टायर टाकून ठेवले तरी माझ्या परवानगीने तिथे कुणी मास्क लावून उतरणार नाही. नीरेचा कालवा तर नाहीच, त्याला ओढ असते. उजनीत खालचं दिसत नाही, पळसदेवची जुनी वस्ती जिथे बुडाली तिथे पायाखाली भिंत आहे की चिखल हे मच्छीमारालाच ठाऊक. बारामतीचा टँक, उथळ बाजू, बस्स. त्याच्याही आधी घमेलं. न्हाणीत घमेल्यात पाणी घ्या, नळी लावून चेहरा बुडवायला सांगा, तोंडाने श्वास, नाक बंद.

हौशी : बघा, तुम्हीच आता सराव शिकवायला लागलात.

शंकेखोर : सराव शिकवतोय, मालवणला हो म्हटलेलं नाही. एक सांगा, समुद्रात त्याच्या हातभर अंतरावर कोण असणार? दादाला विहिरीपुरतं पोहता येतं, लाटेत कधी उतरलेला नाही. तुम्हाला?

हौशी : मला येत नाही.

शंकेखोर : मग हिशेब असा झाला. मास्क हजार, नळी तीन-चारशे, जॅकेट त्याहून जास्त, सदरा वेगळा. तेवढ्या पैशांत तुमचा टँकचा उन्हाळी वर्ग होतो. पोराची नळी मापाची आहे की नाही हे तुम्ही ओट्यावर बाटलीने मोजून काढलंत, पण पाण्यात मास्क सरकला तर हात पोचायला हवा तो तुमचा, आणि त्या हाताची परीक्षा अजून कुणी घेतलेली नाही. स्थानिक गाइड असतोच म्हणाल. त्याच्या दोराला एका वेळी अशी पाच-सहा माणसं धरून असतात.

हौशी : माझा उन्हाळी वर्ग म्हणजे बायकांची वेळ दुपारी, आणि दुपारी धाकटी झोपेतून उठते. तरीही मान्य करते. पण तुम्हीही एक मान्य करा. मी शिकेपर्यंत थांबायचं म्हटलं तर तो नऊ-दहा वर्षांचा होईल. दहाव्या वर्षापासून पोरांना स्कूबाच्या रीतसर कोर्सला घेतात, तोवर ताठ मानेची सवय पक्की झालेली असेल. पाण्याची भीती वाट बघत बसत नाही, तीही वाढते. तुमच्या चुलत्याने तुम्हाला ढकललं तेव्हा तो स्वतः विहिरीत उतरायला तयार होता, हे खरं. पण तुमच्या आईला पोहता येत नव्हतं, आणि ती काठावर उभी राहून बघत होती ना?

शंकेखोर : बघत होती. ओरडत होती. आणि चुलता मध्ये होता, हे विसरू नका. तुमच्याकडे तो मधला माणूस कोण, एवढंच विचारतोय मी.

हौशी : तुम्ही याल मालवणला?

शंकेखोर : मला मास्क कुठला बसणार? माझ्या मिशा आहेत. मिशीखालून पाणी येतं, हे तुम्ही मोबाईलवर बघता त्या माहितीतच लिहिलंय.

हौशी : मिशीला थोडं व्हॅसलिन लावतात म्हणे. पण व्हॅसलिनने रबर खराब होतं असंही म्हणतात, त्यामुळे मास्क तुमचा तुम्हीच घ्यायचा.